भुंगेऱ्यांचा अभ्यास 'बिनकामाचा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मुलाला भुंगेऱ्यांवर काम करणारा परिसंस्था-अभ्यासक (सजीवांचं एकमेकांशी आणि भोवतालाशी नातं तपासणारा) व्हायचं असेल तर वेळीच आवरा, असं त्यात म्हटलंय. कारणं चार: सगळे किडे शोधून झालेत, कुणाला उपयोग नाही, नोकरी नाही, छंद म्हणून ठीक. दुसरं कारण पुण्यात बसून कुणी पुढे पाठवावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आधी पहिलं. आजवर भुंगेऱ्यांच्या जवळपास चार लाख जातींना नावं मिळाली आहेत. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच प्रकारच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडून खाली पडलेले किडे तपासले, तर नुसत्या भुंगेऱ्यांच्याच सुमारे १,२०० जाती निघाल्या. त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी कीटक आणि त्यांच्या भाईबंदांच्या तीन कोटी जातींचा अंदाज मांडला. पुढे तो आकडा बराच खाली आला, पण बिननावाचे भुंगेरे अजून लाखांनी आहेत.

आता उपयोग. गाजर गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ च्या सुमारास, आपल्या पुण्यातच. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास होतो, पडीक रानं तर त्याने व्यापलीच. त्याला खाणारा झायगोग्रामा, म्हणजे आपला मेक्सिकन भुंगेरा, १९८० च्या दशकात मेक्सिकोतून बंगळुरूला आणला, तपासला आणि मग सोडला. काही वर्षांनी तक्रार आली की तो सूर्यफूलही खातो. तेव्हा संशोधकांनी बारकाईने पाहिलं. सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले असले की प्रौढ भुंगेरे ती पानं कुरतडतात, असं त्यांना आढळलं. कोण काय, कधी आणि कशामुळे खातं, हाच तर परिसंस्था-अभ्यासकांच्या आवडीचा विषय!

उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी. इंदापूर, दौंड, बारामतीकडच्या ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. वळवाचा पाऊस झाला की प्रौढ भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात, तिथेच पाला खातात, त्यांचं मीलनही तिथेच होतं. मग माद्या मातीत अंडी घालतात. त्याआधीच्या थोड्या दिवसांत फांद्या हलवून किंवा प्रकाश सापळे लावून ते गोळा करून मारायचे, हा सगळ्यात स्वस्त उपाय. अळी मोठी होऊन ऊस वाळायला लागल्यावर औषधावर कितीही खर्च केला तरी फारसं हाती लागत नाही. हे वेळापत्रक कुणीतरी भुंगेऱ्यांमागे रात्री जागून काढलंय.

नोकरीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. जागा कमी आहेत, वाट लांब आहे, पीएचडीशिवाय फार पुढे जाता येत नाही. पण 'नाही' हे चूक. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आकुर्डीला आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, बारामती आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शिक्षणासाठी गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुलाला भरवायचीच असेल तर ही माहिती भरवा, भीती नको.

आणि छंद? फिनलंडचे परिसंस्था-अभ्यासक इल्का हान्स्की यांनी सुरुवातीची बरीच वर्षं शेणातल्या भुंगेऱ्यांवर काम केलं. शेणाचा प्रत्येक पो म्हणजे थोड्या दिवसांचं बेट. तिथली वस्ती संपते, दुसऱ्या पोवर नवी बसते. विखुरलेल्या, अधूनमधून नष्ट होणाऱ्या अशा वस्त्या मिळून एखादी जात कशी टिकते, याचा सिद्धांत त्यांनी पुढे फुलपाखरांवरच्या कामातून भक्कम केला. तुकडे पडलेल्या जंगलांत कुठली जात तगेल, हे आज जगभर त्या आधाराने तपासतात. २०११ मध्ये त्यांना क्राफूर्ड पुरस्कार मिळाला; नोबेल नसलेल्या विषयांसाठीचा हा मोठा मान.

तेव्हा तुमच्या मुलीने पहिल्या पावसानंतर टेकडीवर शेणाचा पो काडीने उलटायला घेतला तर तिला ओरडू नका. वही द्या. कोणता भुंगेरा शेणातच राहतो, कोणता खाली बीळ करतो, कोणता गोळा लोटत दूर नेतो, हे तारीख-वेळ घालून लिहायला सांगा.