जत्रेतलं नाटक अर्ध्यात सोडून उठू नका

आज डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. काल रात्री जवळच्या एका गावची जत्रा होती, देवळात दशावतार होता, म्हणजे आपल्या कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. बाहेरून आलेला मित्रांचा घोळका थेट पहिल्या रांगेत बसलेला. सुरुवातीच्या भागातला संकासुर राक्षस आला, हे हसले, मोबाइलवर घेतलं. तो आत गेल्याबरोबर सगळे एकदम उठले. आख्यानातला, म्हणजे मुख्य कथेतला, राजा नुकताच बाकड्यावर येऊन बसत होता. त्याच्यासमोर पाठ फिरवून गेले.

तिकीट नसतं म्हणून इतकं स्वस्त वाटतं का रे?

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कंपनी देवळात पोचली की आख्यान ठरतं, राजा कोण, राणी कोण, राक्षस कोण ते ठरतं आणि पुढचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतो. पायपेटीवाला (हार्मोनियम वाजवणारा) त्याच्या शेवटच्या शब्दावर कान ठेवून पद उचलतो, मृदंग आणि झांज त्याला धरून येतात. समोर ऐकणारी माणसं असतील तर बोलणं फुलतं, नसतील तर आखडतं. पहिली रांग रिकामी झाली की नट सवालजवाब गुंडाळून थेट युद्धावर येतो. म्हणजे हे उठले, आणि मागे गोधडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांचं नाटक तोकडं झालं.

लहान मुलं सोबत असतील तर उठावं लागतं, मान्य. पण मग कडेला बसा.

त्यातल्या दोघांनी जाता जाता रंगपटात, म्हणजे नट तयार होतात त्या जागेत, मोबाइलचा टॉर्च मारला. तिथे प्रत्येक नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. हातात आरसा, डोक्यावर एखादा बल्ब. लुगडं नेसून राणी होणारा पुरुष डोळ्याची रेघ ओढत असताना उजेड डोळ्यात गेला तर रेघ वाकडी जाते, आणि पुसून पुन्हा काढायला वेळ नसतो, कारण बाहेर त्याच्या प्रवेशाचं पद सुरू झालेलं असतं. शिवाय तिथेच पेटारा असतो, त्यात गणपतीचा मुखवटा, आणि नाटकाआधी त्याची पूजा होते. चपला घालून आत शिरायची ती जागा नव्हे.

आता जरा शांतपणे सांगतो, कारण यांना कुणी नीट सांगितलंच नसणार.

शनिवार धरून येऊ नका, तिथी धरून या. जत्रा कार्तिकापासून सुरू होतात आणि पंचांगाप्रमाणे चालतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तर देवीच्या कौलानेच (देवीकडून घेतलेल्या संकेताने) ठरते. मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने सकाळी कुडाळला उतरा. तिथून तीनेक किलोमीटरवर पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तिथल्या ठाकर आदिवासी कला आंगणात आहेत. गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं संग्रहालय आहे ते. उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आधी कळवून गेलात तर खेळही बघता येतो. चित्रकथीची पोथी नीट बघा: दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, सांगणारा एकेक उलटत रामायण-महाभारत सांगत जातो.

मग सावंतवाडीचा राजवाडा, २०-२२ किलोमीटर. तिथे दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२० गोल पानं. पाच रंगांत राजा-प्रधानाच्या खाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळ रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. पहिला रंग मत्स्याचा, तो लक्षात ठेवा, रात्री कामाला येईल.

दुपारी झोप काढा. खरंच काढा. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर रात्री बाराच्या सुमाराला पडदा लागतो. आधी आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग: सूत्रधार, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासुर. सकाळी बघितलेलं मत्स्याचं पान ते इथे. संकासुराने वेद चोरले, विष्णू त्याला मारतो, तोच मत्स्यावतार. काल हसत रेकॉर्ड केलं त्याचा अर्थ त्या पोरांना कुणी सांगितला असता तर बसलीही असती, कोण जाणे. वाईट पोरं नव्हती ती.

आख्यान कधी कधी रेंगाळतं, हेही खरं. तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले की बाहेर जाऊन चहा घ्या, आलं घातलेलं गुळाचं खाजं घ्या, आणि परत येऊन बसा. अंगावर घ्यायला शाल आणा, बसायला चटई, देवळाची फरशी थंड असते. फ्लॅश बंद. गाडी रंगमंचाकडे तोंड करून लावू नका, निघताना हेडलाइट थेट नटाच्या तोंडावर पडतो.

पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते. तोपर्यंत थांबा. काला घ्या, नटांना भेटा, जमेल ते बक्षीस हातात द्या. फोटो तेव्हा मागा, हसून उभे राहतात. पुढच्या कार्तिकात कुणाला यायचं असेल तर खाली लिहा, तिथ्या कळवतो.