आधी शेपटी बघा

रानसातभाई आणि मोठा राखी सातभाई हे सारखे दिसणारे दोन पक्षी डोळ्यांवरून वेगळे ओळखा, असं एका लेखात म्हटलंय. त्याने घोळच वाढतो. डोळे दोघांचेही फिकट. थवा उडाला की शेपटी बघा. राखी सातभाईची कडेची पिसं पांढरी असतात, शेपूट पसरली की लख्ख दिसतात. रानसातभाईला अशी पांढरी पिसं नसतातच. बसलेला असेल तर चोच: रानसातभाईची पिवळट, राखीची वरची चोच गडद, शिवाय कपाळ करडं. सह्याद्रीकडच्या रानसातभाईची शेपटी तांबूस असते, तिथे फारसा प्रश्नच नाही. आवाजही कामाचा, राखी नाकात बोलल्यासारखं ‘के-के-के’ लावून धरतो. अंडी मात्र दोघांचीही निळी, त्यामुळे उगाच घरट्यात डोकावू नका.