बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, कांदाही हुंगवू नका

सोसायटीच्या आणि ट्रेनच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय. माणूस कोसळला तर तोंडावर पाणी मारा आणि दोन घोट पाजा. फिट आली असेल तर कांदा हुंगवा. अटॅक असेल तर जोरजोरात खोकायला सांगा. पॅरालिसिस वाटला तर बोटांना सुई टोचून रक्त काढा. आणि पोलिसांचं लफडं नको असेल, तर डॉक्टर येईपर्यंत छातीला हात लावू नका. खाली अर्थातच ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

यातला शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेतो.

हृदय बंद पडलं की मेंदूकडे रक्त जात नाही. छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. संध्याकाळी सहाला एलबीएस रोडवर ॲम्ब्युलन्स कशी येते, हे मुंबईकराला सांगायला नको. म्हणजे ती मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असतात.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही? छाती-पोट वर-खाली होतंय का, दहा सेकंद बघा. इथे हमखास फसायला होतं. हृदय बंद पडल्यावरही काही जण मधूनच आचका दिल्यासारखी हवा ओढतात, घशातून घरघर येते. बघणारा म्हणतो, ‘श्वास चालू आहे, चालू आहे.’ तो श्वास नव्हे. अशा वेळी १०८ किंवा ११२ लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि लगेच दाबायला लागा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे. कधीकधी मोडतेही, पण ती जुळते.

लोकलच्या सीटवर हे करून उपयोग नाही, माणूस खाली जमिनीवरच घ्यावा लागतो. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढू नका. तिथे रुळांवर मदत पोचायची कशी? पुढचं स्टेशन बहुधा काही मिनिटांवर असतं, तिथे उतरवा आणि कुणाला तरी स्टेशन मास्तरकडे पळवा. तोवर दाबणं सुरू. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणूस बदला. दादरला बदली माणसांची टंचाई पडायची नाही.

तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल तर मोठ्या माणसाची नुसती छाती दाबली तरी चालतं. जुहूच्या पाण्यातून काढलेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासही लागतो. शिकलेला कुणी आहे का, विचारा.

आता पाणी. बेशुद्ध माणूस गिळू शकत नाही, घोट श्वासनलिकेत जातो. डोकं मांडीवर घेणंही वाईट, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. गर्दीत नुसती भोवळ आलेल्याला आडवं करून पाय उंच धरले की बहुधा मिनिटभरात डोळे उघडतो. पाणी त्यानंतर, बसून बोलायला लागल्यावर. डायबेटिसवाल्याच्या साखरेचंही तेच: शुद्धीवर असेल तरच.

कांदा, चप्पल, हातात चाव्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेकदा आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, डोक्याखाली बॅग सरकवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबल्यावर कुशीवर.

खोकायचं म्हणाल, तर ज्याचं हृदय बंद पडलंय तो खोकणार कसा? आणि छातीत कळ येऊनही जो शुद्धीवर आहे, त्याला खोकण्याने काही मिळत नाही. त्याला आहे तिथे बसवा. रिक्षा पलीकडे मिळते म्हणून पूल चढायला लावू नका.

सुईचं तर बोलायलाच नको. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात थांबण्यात अर्थ नाही.

राहिले पोलीस. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए चं संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने मिळालं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. अपघात नसेल तर हे कलम लागू होत नाही, हेही खरं. पण संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० गुन्हा मानत नाही.

१०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. माणूस किती वाजता पडला, दाबायला कधी लागलात, खिशात कुठल्या गोळ्या सापडल्या, एवढं त्याला सांगा. गाडी दिसली म्हणून हात काढू नका, तो ‘सोडा’ म्हणेपर्यंत दाबत राहा.