हात वर होत नाही

लस घेतली की दंड दुखतो, आणि दुखावाच. लस स्नायूत गेली की शरीरातल्या पांढऱ्या पेशी "कोण आलंय बघू" म्हणत तिथे गोळा होतात, जागा सुजते, गरम लागते आणि दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. ही कुरकुर म्हणजे लसीची पोचपावती, असं मी आजवर कितीतरी जणांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं आहे. त्यामुळे फ्लूची लस घेऊन आल्यावर त्याच रात्री खांद्यातून कळ निघाली, तेव्हा मला बरंच वाटलं.

दोन-तीन दिवस उलटले. आठवडा उलटला. मला मात्र कुशीवर उलटता येईना.

खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकाट सांधा. पुढे, मागे, वर, गोल, कुठेही फिरतो. त्यानं एकदम संन्यास घेतला की घरातली प्रत्येक फळी नेमकी किती उंच आहे ते कळतं. तरी फळीचं एक वेळ चालतं, टी-शर्टचं काय? तो काढताना चांगला हात बाहेर आला, डोकं निम्मं आत राहिलं आणि दुखरा हात बाहीत अडकून बसला. तोंडावर कापड घेऊन मी आतून "अगं, जरा येतेस का?" असा आवाज दिला. बायको लगेच आली. आधी फोटो काढला, मग मला.

पाकीट मागच्या खिशात असतं आणि हात मागे जात नाही. चारचौघांत बिल आलं की मी कळवळायचो. हात आखडता घेतोय असं मंडळींना वाटे आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खरंच होतं.

कुणापुढे रड गायली, की समोरचा आधी स्वतःचा हात सरळ कानाला लावून दाखवी. "हे बघ, मला कुठं काय झालं?" सासूबाईंनीसुद्धा दाखवला, तोही दोन्ही हात. कुणी म्हणे शेक घे, कुणी म्हणे बर्फ लाव. एक गृहस्थ तर "म्हणूनच मी लस घेत नाही" म्हणून मोकळे झाले. त्यांच्यावर हात उगारावासा वाटला, पण तेवढा उचलला जात नव्हता.

डॉक्टरांनी मात्र एकच प्रश्न विचारला : "टोचलं नेमकं कुठं?" मी जागा दाखवली आणि ते "हं" म्हणाले. डॉक्टरांचं "हं" मला आवडत नाही. सुई द्यायची ती दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली. त्याहून वर टोचलं तर ती सांध्याजवळच्या द्रवाच्या पिशवीपर्यंत जाऊ शकते आणि मग तिथेच दाह सुरू होतो. दुखणं बहुधा 48 तासांच्या आत उभं राहतं आणि मुक्काम हलवत नाही. प्रकार दुर्मीळ, पण 2010 पासून त्याला ‘सिर्व्हा’ असं नावही आहे. दोष लसीचा नसतो, जागेचा असतो. मला एकदम आठवलं : मी खुर्चीत, टोचणाऱ्या ताई उभ्या, मागे रांग आणि माझ्या शर्टाची कॉलर खांद्यावरून खाली ओढलेली. त्या चुकल्या असं मी शपथेवर सांगणार नाही. पण त्यांच्या समोर माझा खांदाच होता, दंड नव्हता.

मग फिजिओ. तिनं शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ वाटावा असं काहीतरी काढलं आणि हात बाजूनं वर न्यायला सांगितला. 180 पैकी 90. "काका, दुखलं तर सांगा हं," असं ती म्हणाली. दुखणं सोसलं, पण ते "काका" फार लागलं. खांदा गोठलेला नव्हता, गोठू नये एवढंच पाहायचं होतं. त्यासाठी वाकून हात लोंबता सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. हा व्यायाम अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या सर्जनच्या नावानं ओळखला जातो. 1934 साली ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव देणारेही तेच. शर्टाचा नियमही तिनंच शिकवला : घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. टी-शर्टातून मी ओरडत होतो, तेव्हा हा नियम कुणालाच ठाऊक नव्हता.

फ्लूची लस पुढच्या वर्षीही घेणार, दुसऱ्या दंडात. बिनबाह्यांचा बनियन घालून जाईन आणि टोचणाऱ्यांना आधी बसायला खुर्ची देईन.

सध्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम चालू आहे. जिथवर बोट पोचेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. मुलांच्या उंचीच्या खुणांशेजारी आता माझ्या खुणा वाढताहेत. परवा दिव्याचं बटण ओलांडलं. त्याच भिंतीवर वर कोपऱ्यात कोळिष्टकं आहेत, आणि ती काढायचं काम माझा खांदा बरा होईपर्यंत राखून ठेवलेलं आहे. म्हणून हल्ली व्यायाम जरा बेतानंच करतो.