काळा पडलेला फ्लायट्रॅप उपाशी नसतो

गेले काही महिने बागकामाच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिनस फ्लायट्रॅप, म्हणजे पानांच्या टोकाच्या जबड्यांत किडे पकडणारं रोप, मांसाहारी आहे, तेव्हा त्याचे जबडे काळे पडू लागले की ते उपाशी आहे असं समजा. आठवड्याला चिकनचा बारीक तुकडा द्या. मूठभर शेणखत घाला. जंगलातलं झाड आहे, म्हणून काचेच्या बरणीत, सावलीत, दमट ठेवा. जबडे रोज बोटाने मिटवा, म्हणजे त्यांना व्यायाम होतो. एवढं करून सगळेच जबडे काळे झाले तर रोप मेलं, टाकून द्या. जगलं तर घरातले डास संपतील.

मला हा मजकूर जवळपास पाठ आहे, कारण माझं पहिलं रोप मी अगदी याच पद्धतीने मारलं. तेव्हा फॉरवर्ड नव्हता, अक्कल स्वतःचीच होती. साडेतीनशे रुपयांचं रोप दोन महिन्यांत संपलं. दुसरं मात्र चार वर्षं गॅलरीत आहे. जूनमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकू त्यांचं रोप घेऊन दारात आल्या, “याला काहीतरी खायला घाल रे, बघ कसं झालंय” म्हणत. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी उपासमारीचं बघू, कारण बाकीच्या सगळ्या चुका त्यातूनच निघतात. फ्लायट्रॅपची पानं हिरवी असतात. मेथी जशी उन्हात स्वतःचं अन्न स्वतः करते तसंच हेही करतं. मग किडे कशाला? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात कासच्या पठारावर निळीजांभळी सीतेची आसवं फुलतात, आणि त्याच सड्यांवर लालसर, चिकट थेंबांचं दवबिंदू उगवतं. दोन्ही कीटकभक्षी. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम, त्यातलंही सत्त्व पाऊस धुऊन नेतो. जमीन जे नायट्रोजन-फॉस्फरस देत नाही ते ही झाडं किड्यांकडून वसूल करतात. फ्लायट्रॅपचं गणित हेच आहे. किडा म्हणजे त्याची भाकरी नव्हे, त्याचं खत. भाकरी उन्हातून येते. त्यामुळे एकही किडा न मिळता ते महिनोन्‌महिने जगतं. फार तर सावकाश वाढतं. आजारी रोपाला खाऊ घालणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसापुढे पुरणपोळी वाढणं.

आता चिकन. जबड्याच्या दोन्ही पाळ्यांवर, म्हणजे मिटणाऱ्या प्रत्येक अर्ध्या भागावर, आत बहुतेक वेळा तीन बारीक केस असतात. साधारण वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला तरच जबडा मिटतो. एकदाच झाला तर नाही. वाऱ्याने पडलेल्या काडीसाठी शक्ती कोण खर्च करणार? पण मिटणं ही फक्त सुरुवात. आत किडा धडपडतो, केस पुन्हा पुन्हा हलतात, पाच-एक इशारे झाले की मग पाचक रस सुटू लागतात आणि जबडा डबीसारखा घट्ट बंद होतो. चिकनचा तुकडा धडपडत नाही. एक तर जबडा दुसऱ्या दिवशी उघडतो आणि तुकडा तसाच पडलेला दिसतो, नाही तर अर्धवट मिटलेल्या जबड्यात तो सडतो. माझ्या पहिल्या रोपात तिसऱ्या दिवशी वास आला. चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली, आणि आठवडाभरात जबडा तपकिरी, बुळबुळीत होऊन ती सड देठापर्यंत उतरली.

यावर एक जण ग्रुपवर म्हणाले, डार्विननेच या झाडांना मांस दिलं होतं की. दिलं होतं, खरंय. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने तर १८७८ मध्ये दवबिंदूच्या जातीतल्या रोपांना भाजलेल्या मांसाचे कण देऊन दाखवलं, की दिलेल्या रोपांना बी जास्त धरतं. पण त्याने दिले ते कण, तेही धडधाकट रोपांना. आणि ज्यांना काहीच दिलं नाही ती रोपंही जगलीच. मरणाऱ्या रोपाचं औषध म्हणून मांस, असं त्यातून कुठेच निघत नाही.

रोप तगडं झाल्यावर हौस म्हणून द्यायचंच असेल तर जबड्याच्या एक तृतीयांश आकाराचा किडा द्या. मेलेला असेल तर जबडा मिटल्यावर काडीने बाहेरून हलकेच दाबत राहा, आत काहीतरी जिवंत आहे असं त्याला वाटलं पाहिजे. पचायला आठ-दहा दिवस लागतात.

व्यायामाबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक जबडा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो. तुम्ही बोट घातलंत की त्यातली एक खेप फुकट गेली. पाहुण्यांच्या मुलांना कुंडीपासून लांब ठेवा.

फॉरवर्डमध्ये पाण्याविषयी एक शब्द नाही, आणि माझ्या मते निम्मी रोपं पाण्यानेच मरतात. काकूंना पहिला प्रश्न मी तोच विचारला.

“काकू, पाणी कुठलं घालता?”

“बोअरचं. नळाच्यात क्लोरीन असतं ना, म्हणून मुद्दाम.”

कुंडीच्या काठावर पांढरी खर चढली होती, गिझरच्या कॉइलवर चढते तशी. नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. माझ्याकडे स्वस्तातला टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. बोअरच्या पाण्याचा आकडा आला ६४०. या झाडाला पन्नासच्या आतलं पाणी लागतं. त्याची मुळं क्षार झेपवायला बनलेलीच नाहीत. कुंडीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि दर आठवड्याला वाढत जातात. माझ्या नळाचं पाणी ११० दाखवतं, तेही नको. घरच्या आरओचं चालेल असं वाटतं, पण बऱ्याच मशिनांत चवीसाठी थोडं साधं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. माझ्या आरओचा आकडा ७८ निघाला. मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. जून ते सप्टेंबर पत्र्याची पहिली घाण वाहून गेल्यावर बादल्या भरून ठेवा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. दुकानदाराला पाणीच हवंय, ॲसिड नाही, हे दोनदा सांगा. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही बरेच जण वापरतात, मीही उन्हाळ्यात वापरतो. नळी स्वच्छ हवी. पाणी वरून शिंपडायचं नाही. कुंडी एका ताटलीत ठेवायची आणि ताटलीत दीड-दोन सेंटिमीटर पाणी राहू द्यायचं.

शेणखताचा मुद्दा आता आपोआप निकालात निघतो. शेणखत, गांडूळखत, एनपीकेचे दाणे, भाजीचं धुवण, ताकाचं पाणी, यातलं काहीही नको. ज्या मुळांना नापीक जमिनीचीच सवय आहे त्यांना खत जाळतं. माती म्हणजे बागेतली लाल माती किंवा नर्सरीचं तयार मिश्रणही नको. पीट मॉस (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुगा) आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मं-निम्मं, नाही तर नुसतं लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ. आपल्याकडे सर्रास कोकोपीट वापरतात, आणि दिसायला ते पीटसारखंच असतं. पण त्यात मिठाचा अंश असतो. दुसरं काही मिळालंच नाही तर चांगल्या पाण्यात सात-आठ वेळा धुऊन, पिळून, मीटर लावूनच घ्या. कुंडी प्लास्टिकची, दहा-बारा सेंटिमीटर खोल. मातीची कुंडी सुंदर दिसते, पण तिच्यातूनही क्षार उतरतात.

बरणी आणि सावली या सल्ल्याला मुळाशीच चूक आहे, कारण ‘जंगलातलं झाड’ ही कल्पनाच खोटी. फ्लायट्रॅप जगात एकाच टापूत आपोआप उगवतं: अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी भागात, विल्मिंग्टन शहराच्या आसपास. १७५९ मध्ये तिथले गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी पत्रात त्याचा उल्लेख केला, तोच पहिला लेखी दाखला मानतात. तो टापू म्हणजे दाट जंगल नव्हे. पाइनची उंच, विरळ झाडं, खाली गवत आणि वाळूमिश्रित ओलसर जमीन. तिथे ठरावीक काळाने वणवा जातो. वणव्यात झुडपं जळतात, जमिनीखालचा कंद वाचतो, आणि फ्लायट्रॅपला पुन्हा मोकळं ऊन मिळतं. जिथे वणवे थांबले तिथे झुडपांच्या सावलीत ही झाडं संपत गेली. जे झाड सावली टाळायला आगीच्या भरवशावर जगतं, त्याला आपण शोकेसमध्ये ठेवतो! (तिथे ती चोरीलाही जातात. २०१४ च्या डिसेंबरपासून उत्तर कॅरोलायनात जंगली रोप उपटणं हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे. आपण घेतो ती नर्सरीत वाढवलेली असावीत, एवढं विचारून घ्यावं.)

त्यामुळे ऊन हवं, रोज निदान पाच-सहा तास थेट. जबड्याच्या आतली लाली हे बऱ्याच जातींत उन्हाचं माप. पानं लांबट, लुळी, फिकट असली तर ऊन कमी पडतंय. बंद बरणी आपल्याकडच्या उन्हात ठेवली तर रोप शिजेल, आणि सावलीत ठेवली तर बुरशी धरेल. एक सवलत मात्र आपल्या हवेसाठी घ्यावीच लागते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, किंवा पुण्यातही एप्रिलनंतर, सकाळचं ऊन द्या आणि दुपारी ग्रीन नेटखाली घ्या. नर्सरीच्या सावलीतून आणलेलं रोपही एकदम उन्हात ठेवू नका. दोन आठवड्यांत थोडं थोडं पुढे सरकवा.

आता ‘काळं म्हणजे मेलं’. एखाददुसरा जबडा काळा पडणं हे केस पिकण्यासारखं आहे. पान जुनं होतं, दोन-तीनदा पचवून थकतं, वाळतं. मधून नवं पान येत असेल तर चिंता नको, काळा भाग कात्रीने कापा. काकूंच्या रोपाचे नऊपैकी आठ जबडे काळे होते आणि नववा पिवळा. आम्ही जुना पेपर पसरला आणि कुंडी उलटी केली. काळ्या मातीच्या गोळ्यातून मी बोटांनी हळूहळू रोप मोकळं केलं, पावसाच्या पाण्याच्या वाटीत खळबळलं. चार-पाच मुळं निघाली, दोऱ्यासारखी, काळीकुट्ट.

“गेलं ना?” काकू म्हणाल्या.

गेलेलं नव्हतं. फ्लायट्रॅपची मुळं मुळातच काळी असतात, आणि इथे भलेभले फसतात. बघायचा तो कंद, पानांच्या बुडाशी असतो तो. पांढरा आणि दाबल्यावर कडक असेल, सोललेल्या लसणीसारखा, तर रोप जिवंत आहे. तपकिरी आणि मऊ असेल तर तेवढा भाग कापायचा, पांढरा लागेपर्यंत. काकूंच्या कंदाचं एक टोक पेरूच्या बीएवढं सडलं होतं. स्वच्छ ब्लेडने ते उडवलं, सगळी काळी पानं कापली. धुतलेल्या पीट-परलाइटमध्ये कंद असा बसवला की वाढीचं टोक मातीच्या बरोबरीला राहील. ताटलीत पावसाचं पाणी, आणि पहिला आठवडा उजेड भरपूर पण ऊन फक्त सकाळचं. खायला काही नाही. तीन-चार नवी पानं येईपर्यंत काहीही नाही. मधून उंच दांडा निघाला तर तो फुलाचा. दुबळ्या रोपाचा कापायचाच, बोटभर असतानाच. दर दोन दिवसांनी उपटून कंद तपासायचा मोह होतो, तो आवरा.

पुढचा गोंधळ थंडीत होतो. विल्मिंग्टन साधारण श्रीनगरच्या अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात दहिवर गोठतं आणि फ्लायट्रॅप तीन-चार महिने झोपतं. पानं काळी पडतात, नवी अगदी बुटकी येतात किंवा येतच नाहीत. डिसेंबरात असं दिसलं की लोक जास्त चिकन घालतात. घालू नका. नाशिक-पुण्याकडे गॅलरीतल्या गार रात्री बऱ्यापैकी पुरतात. पाणी कमी करायचं, माती फक्त ओलसर ठेवायची. मुंबई-कोकणात ती थंडी पडत नाही, म्हणून तिथले हौशी लोक कंद धुऊन, पिळलेल्या मॉसमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात. आजारातून उठलेल्या रोपावर पहिल्याच वर्षी हा प्रयोग नको. मात्र वर्षानुवर्षं झोप मिळाली नाही तर धडधाकट रोपही क्षीण होत जातं.

राहिले डास. मूळ भूमीत या झाडाच्या जबड्यात सापडतात ते मुख्यतः मुंग्या, कोळी, सरपटणारे किडे. उडणारे फारच थोडे. एक जबडा एका किड्यावर आठवडाभर अडकून बसतो. डासांसाठी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासा, फ्लायट्रॅपचीही धरून. त्यातलं पाणी आठवड्याला पूर्ण ओतून बदललं नाही तर डास तुम्हीच पाळताय.

काकूंच्या कुंडीत सव्वीसाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी हिरवं वर आलं. आज चार पानं आहेत, सगळ्यात मोठा जबडा नखाएवढा. डिसेंबरात पुन्हा सगळं काळं पडेल, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. त्यांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून घेतलं: “मेलेलं नाही.”