'बोटं हलतायत ना, मग हाड शाबूत': मुरगळलेल्या पायाच्या मेसेजला उत्तर

शिमग्यात पालखी नाचवताना किंवा कबड्डीच्या मैदानात कुणाचा पाय मुरगळला की रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. बोटं हलतात म्हणजे हाड मोडलेलं नाही, गरम तेलाने चोळून काढा, महिनाभर पाय टेकू नका, दुखणं थांबलं की खुशाल खेळा, आणि व्यायामवाल्यांच्या नादी लागू नका. यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

बोटं हलवणारे स्नायू नडगीत आणि पावलात असतात. घोट्याचं हाड तडकलं तरी बोटं हलतात. खरी पारख कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडली आणि मोठ्या माणसांसाठी ती आजही जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत दाबत जायची. हाडावरच कळ उठली, किंवा लागल्या लागल्या आणि तपासतानाही लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा आणि आतल्या बाजूचं होडीच्या आकाराचं हाडही दाबून बघा. लोक नेमकं हेच विसरतात.

चोळणं पहिले तीन दिवस नकोच. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. शेक आणि मालीश यांनी सूज वाढते. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा आणि पाय छातीपेक्षा उंच ठेवा. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर बँडेज लगेच सैल करा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो महिनाभर न टेकण्याचा सल्ला. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. वयाने केलेली घसरण त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी भरली! मुरगळलेल्या लिगामेंटचंही, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचंही, तसंच: नवे तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात, आणि ताणच नसेल तर ते वेडेवाकडे भरतात. म्हणून हाड शाबूत असल्याची खात्री झाली की काठी चांगल्या पायाच्या हातात घेऊन पाय टेकायला लागा. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत 'क ते ज्ञ' गिरवा, दिवसातून तीनदा. दुखणं शून्य ते दहा असं मोजलं, तर तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं दिसलं, तर आदल्या दिवशीचं काम निम्मं करा.

व्यायामवाल्यांबद्दल एवढंच: दुखापतीवर संशोधन करणारा व्यायाम-शरीरक्रियातज्ज्ञ हाड बसवत नाही, ते अस्थितज्ज्ञाचं काम. किती भार, किती वेळा, किती दिवसांनी वाढवायचा, हे तो मोजतो, आणि फिजिओथेरपिस्ट ते रुग्णापर्यंत पोचवतो.

राहिलं 'दुखणं थांबलं की खेळा'. दुखणं आधी जातं, तोल नंतर येतो. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो तो यामुळेच. दुसऱ्या आठवड्यापासून दोन्ही पायांनी टाचा उचला, 10 च्या तीन फेऱ्या. मग एका पायावर 30 सेकंद उभं राहणं, आधी डोळे उघडे, नंतर मिटून, भिंतीजवळ. मैदानात उतरायच्या आधी एका पायाने उडी मारून अंतर मोजा: दुखऱ्या पायाची उडी चांगल्याच्या 90 टक्के तरी हवी.

वाळूचं भान ठेवा. आधी ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाला, कोरड्या वाळूवर शेवटी. उतरत्या किनाऱ्यावर समुद्राकडच्या पायाची बाहेरची कड खाली जाते, म्हणजे मुरगळतो त्याच बाजूला तो कलतो. दुखरा पाय जमिनीच्या बाजूला ठेवून जा, आणि परत येताना रस्त्याने या.