ओल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडू नका

खंडेनवमीच्या सकाळी खानापूरहून मामांचा फोन. "काल क्लीनर मारून इंजिन धुतलं, आता गाडी सुरूच होईना. मोबाईलवर आलंय तसं करून बघतो." काय आलंय ते त्यांनी वाचून दाखवलं आणि मी चहा तसाच टाकून बेळगावहून निघालो.

हा मेसेज आधी आमच्या ग्रुपवर कन्नडमध्ये फिरत होता, आता कुणीतरी मराठीत केलाय. क्लीनर मारल्यावर गाडी सुरू होत नसेल तर प्लगवर नि वायरिंगवर पेट्रोल शिंपडा, पाणी लगेच उडतं. सुरू होईपर्यंत सेल्फ मारत राहा. नाहीतर ढकला. बॅटरीची वायर काढून परत लावा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. आणि क्लीनर परत वापरू नका, तो इंजिन खातो.

मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, म्हणून आधी पेट्रोलबद्दल बोलतो. पेट्रोलनं पाणी उडत नाही. दोन्ही मिसळतच नाहीत. पाणी जड, ते तळाला राहतं आणि पेट्रोल त्याच्यावर तरंगतं. म्हणजे प्लगच्या खड्ड्यातलं पाणी जागच्या जागी, आणि वर पेट्रोलचा थर! त्याची वाफ उणे ४० अंशांतसुद्धा ठिणगीनं पेटते. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती इंजिनाच्या खाली साचते, आणि सेल्फच्या कार्बन ब्रशपाशी तर ठिणग्या उडतातच. शिवाय प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल ओली असली की करंट बॉडीला उतरतो, त्याची ठिणगी वेगळी. मी पोचलो तेव्हा मामांनी पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल काढून ठेवलं होतं. बॉनेटवर झेंडूची माळ, आणि दोन हातांवर पूजेची उदबत्ती जळत होती. असं लिहून पुढे पाठवणाऱ्याचा मला अजून राग येतोय.

दोष काय होता? चारही कॉइल उपसल्या. तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात बोटाच्या एका पेरभर पाणी, त्यावर काळपट तेलकट फेस. कॉइलचं रबर आतून ओलं. फडक्याची वात करून पाणी टिपलं, पंपानं हवा मारली, वायरिंगचे कपलर म्हणजे जोड सोडवून पुसले, तासभर बॉनेट उघडं ठेवलं. खानापूरच्या दमट हवेत घाई करून चालत नाही. मग किल्ली फिरवली. थोडा वेळ मिसिंग मारलं आणि गाडी लागली.

सेल्फ मारत राहायचं म्हणे. एअर फिल्टरच्या डब्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर? पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी डबा उघडून फिल्टर ओला आहे का ते बघा. फिल्टर कोरडा असला तरी सेल्फ थोडा थोडा, मध्ये थांबून मारा. ढकलून सुरू करणं तर नकोच. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात जाऊन तो तापतो.

बॅटरीची वायर काढायची ती धुण्याआधी. धुतल्यावर काढून लावली म्हणून कपलरमधलं पाणी सुकणार नाही.

ॲक्सिलरेटरचं मात्र खरं आहे, हे कबूल करावं लागतं. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत क्लीनर जास्त मारला की प्लग ओले होतात. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पेडल तळाला दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि आतलं बाहेर पडतं. पण मामांच्या गाडीचं पाणी बाहेरून आलेलं, तिथे याचा उपयोग शून्य.

राहिलं इंजिन खाण्याचं. बाहेरून मारायच्या क्लीनरचा डबा फिरवून बघा. इंजिन थंड असताना मारा, विजेचे भाग झाका, हे त्यावरच लिहिलेलं असतं. मामांनी मारला तापल्या इंजिनावर, कॉइल उघड्या ठेवून, आणि वर वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप.

बाटलीतलं पेट्रोल मी मामांना स्वतःच्या हातानं टाकीत ओतायला लावलं. उदबत्ती त्याआधीच अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली होती.